पट्ट्यांचा तागा

अण्णा,

मंगळवारी सकाळी साडेदहाला, डोक्याला तारा चिकटवून, मी पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बघत होतो. गेल्या महिन्यात मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मला तुमच्यासारखीच फिट आली, बापाची लेकाला. त्या पायऱ्यांवरही दाट रेघा असतात. तपासणारी डॉक्टर पुण्याची. तिने मध्येच पट्ट्या बंद केल्या आणि एवढं पुरे म्हणाली, मेंदू उसळायला लागला होता. मला वाटलं, हिनेच तारांतून करंट सोडला. तसं मी विचारलंही. ती म्हणाली, तारा फक्त ऐकतात. डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथल्या पेशी एका ठेक्यात चालतात, आणि इतरांना थांबवणाऱ्या काही पेशी तो ठेका धरतात. त्यांचा ‘थांब’ हा निरोप घ्यायला प्रत्येक पेशीवर जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. हा शब्द मी तिच्याकडून लिहून घेतला. निरोप कमी पडला, की पट्ट्या बघून सगळ्या पेशी एकदम भडकतात. तिने दिलेली गोळी ग्राहींना जोर देते.

“म्हणजे मेंदू झोपवते,” मी म्हणालो.

“थांबवणारं कुणी नसेल तर ठेका कुठून येणार हो?”

चिकपेट बाजारातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात तुम्ही पट्ट्यांचं कापड अंथरायचात, खिशाची पट्टी शर्टाच्या पट्टीला जुळवायला वाकायचात आणि कोसळायचात. साध्या कापडावर कधीच नाही. तो तागा समोरच्या कापडवाल्यांच्या दुकानातला. आपल्या थोरल्या अक्काने तुमच्यावरून लिंबू उतरवलं, तुम्ही तागा जाळलात, आणि त्या कापडवाल्यांनी करणी केली म्हणून मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. गोळ्यांनाही हात लावला नाहीत. कापडावरचा तुमचा संशय खरा होता, अण्णा. माणसावरचा नव्हता.

आज मी त्या कापडवाल्यांकडे गेलो. आता थकलेत. सगळं सांगितलं, तारांपासून.

“तेव्हापासून पट्ट्यांचं कापड विकलंच नाही रे मी,” ते म्हणाले. “मलाच वाटायला लागलं, माझ्या हाताला काहीतरी आहे.”

मग मी खिशातून काढून दाखवलेली गोळी बघून त्यांनी, अजून घेतली का नाहीस, म्हणून दटावलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

गोळी घेतली, अण्णा. पण आधी, तुमचाच लेक ना, त्या तांब्यातलं पाणी त्यांना प्यायला लावलं.