घड्याळाने मोजलेल्या गुळपोळ्या

सोम. ६ जाने.
काल सुनीलने माझ्या हातात पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि वर मलाच दम दिला. चिरंजीव खराडीला बाराव्या मजल्यावर, मी कात्रजला एकटी. दिवाळीनंतर एकदा चक्कर आली, तेव्हापासून धोशा, "आई, खोल्यांना कुलूप लाव, आमच्याकडे ये." नाही म्हटलं, तर हे. "रोज पाच हजार पावलं चाल. मला फोनवर दिसेल. नाही जमलं तर संक्रांत झाली की सामान बांध." चौथी शिकले मी, पण अट कळते.

मंगळ. ७
देवळापर्यंत जाऊन आले. गुडघा बोंबलला. घड्याळ म्हणे अकराशे. पाच हजाराला काय कात्रजचा घाट चढू? संध्याकाळी सुनीलचा फोन, "आई, कमी पडतंय." पूर्वी रविवारी करायचा, तोही आठवला तर. आता रोज करेल म्हणे. तेवढं बरं झालं.

गुरु. ९
आम्ही गुळपोळ्यांना लागलो. दर संक्रांतीला अख्खी गल्ली माझ्याच पोळ्या नेते. शेजारची शोभा भाजायला, मी स्टुलावर बसून लाटायला. गूळ कडेपर्यंत पोचला पाहिजे, हात जोरात चालवावा लागतो. दुपारी घड्याळ थरथरायला लागलं. म्हटलं बिघडलं. शोभाने वाचलं.
"काकू, अभिनंदन म्हणतंय. सहा हजार पावलं!"
"बसल्या जागी? गेले कुठे मी?"
"खडकवासल्याला असाल."
हसून हसून लाटणं सुटलं हातातून. हात हलला की ह्याला पाय वाटतो. काय हे यंत्र!
संध्याकाळी फोनवर सुनील खूश. "बघ, जमतंय की!" पोळ्यांचं मी सांगितलं नाही. खोटं मी नाही बोलले, घड्याळ बोललं.

शनि. ११
आज आठ हजार. सुनीलने ऑफिसात सगळ्यांना दाखवलं म्हणे, आईकडे बघा.
तीनच्या सुमारास स्टुलावरून उठले आणि भिंत फिरली. शोभाने धरलं. तव्यावर पोळी जळाली, पण तिने मला सोडलं नाही. पाणी पाजलं, पाय चेपले. घड्याळावर सगळं हिरवंगार. त्याच्या हिशेबी मी चालतच होते.
म्हटलं, "सुनीलला कळवू नकोस."
"मी नाही कळवत. तुम्हीच सांगा."
आगाऊ आहे. पण ती होती म्हणून आज लिहितेय. तिच्या तोंडावर नाही म्हणणार, चढून बसेल.

रवि. १२
सांगावं तर खोल्या सुटतील. शोभा, गल्ली, माझी चूल. न सांगावं तर पुढच्या खेपेला शोभा बाजारात गेलेली असली म्हणजे...
लाटणं चालू.

सोम. १३, भोगी
सुनील आणि सून मनीषा जेवायला आले. भोगीची भाजी, तीळ लावलेली भाकरी. पोट भरू दिलं, मग सांगितलं. पोळ्यांचं आणि चकरेचंही. सुनील फोनकडे बघत, "पण यात तर सगळं नॉर्मल आहे."
मनीषा म्हणाली, "अरे, फोनला काय विचारतोस? आई समोर बसल्यात." मग मला, "बसल्या बसल्या फिरतं, की उठताना?"
उठताना. दिवाळीतही उठतानाच. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, या बाईचा शब्द आज गोड लागला. तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंची बुधवारची वेळ घेतली. सुनील उठून दारात जाऊन उभा राहिला. नाक ओढत होता. मी पाहिलं नाही. सामानाचं तो बोलला नाही, मी काढलं नाही.

मंगळ. १४, संक्रांत
पोळ्या घरोघर गेल्या. शोभाला दोन जास्तीच्या, "तुझ्या मुलांना" म्हणून. समजली ती.
घड्याळ हातात ठेवलंय. उपयोगाचं नाही, पण त्यापायी पोराचा आवाज रोज ऐकू येतो. तेवढं घड्याळाने दिलं, मान्य आहे.
आत्ताच सुनीलचा फोन. उद्या सगळे आकडे डॉक्टरीणबाईंना दाखवणार म्हणतो, आणि मी एकटी राहू की नको तेही विचारणार. म्हटलं, विचार बाबा. पण त्या मला काय होतं ते विचारतील, तेव्हा उत्तर मी देणार. मला आठवलं नाही तर शोभा देईल, ती येतेय बरोबर. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.