सोळा जानेवारीची मुलाखत

पूर्व केंटकी,
९ डिसेंबर

प्रिय नोएलिया,

तू मजेत असशील. बाळाला दात आले का? इकडे थंडी मरणाची आहे आणि आईचे गुडघे पुन्हा कुरकुरायला लागलेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुला दोष देत नाही. वर्गाच्या ग्रुपमधून तडकाफडकी मीच निघून गेले होते.

माझं म्हणशील तर यंदाही रेसिडेन्सीसाठी कुठूनच बोलावणं नाही. आपल्या त्या बेटावरच्या मेडिकल कॉलेजची पदवी भिंतीवर लटकतेय, पण रेसिडेन्सी केल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नाही. म्हणून मी औषधांच्या दुकानात गोळ्यांच्या डब्या भरते. आमच्या गावच्या हॉस्पिटलने तर नकारही कळवला नाही. शेवटी मीच त्यांना लिहिलं, की मुलाखतीला बोलावलं नाहीत तरी मला तुमच्याकडेच यायचंय, तुम्हीच माझी पहिली पसंती. हसू नकोस. हे वाक्य आपण सगळेच सगळ्यांना लिहितो, ठाऊक आहे मला. मी ते पहिल्यांदाच खरं लिहिलं, आणि दिसलं मात्र अगदी खोट्यासारखंच.

थोडे दिवस वाट पाहून ऑफिसात फोन केला. तिथल्या मिसेस टॅकेट म्हणाल्या, "अगं, वाचलं हो तुझं पत्र. पण मुलाखती सगळ्या ठरल्यात. कुणी गळालं तर पहिला फोन तुलाच, शप्पथ." म्हणजे आता कुणाच्या तरी गळण्याकडे डोळे लावून बसायचं.

आई त्याच हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वाढते, आठवतं ना? घरी आली की एप्रनही न सोडता विचारायची, "आलं का गं बोलावणं?" एक दिवस मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "आलं." "कधीचं?" आणि माझ्या तोंडून जी तारीख निघाली, ती तुझी होती. सोळा जानेवारी. ग्रुपवर तूच टाकलं होतंस, "त्या डोंगरातल्या गावाची मुलाखत नुसती सरावाला देणार." सगळे हसले. मी ग्रुप सोडला तो त्याच दिवशी. ते डोंगरातलं गाव माझं आहे, नोएलिया. फार लागलं गं मला.

आता आईला कोण आवरणार? मुलाखत स्क्रीनवरच होते, म्हणून तिने मागची खोली रंगवायला काढलीय. सोळा तारखेची रजा टाकलीय. शेजारच्या व्हर्जिलकाकांना दम भरलाय, "त्या दिवशी तुमचं कुत्रं घरात डांबा. माझ्या पोरीची मुलाखत आहे." निवड करणारे मोठे डॉक्टर जेवायला आले की त्यांच्या ताटात ती पळीभर ग्रेव्ही जास्त वाढते. "वशिला म्हण हवं तर," म्हणते आणि खुदकन हसते. त्यांच्याशी अजून बोललेली नाही, लाजते. पण आज ना उद्या बोलेल, आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर ते विचारतील, "कोण मुलगी?"

तुझ्याकडे मुलाखती भरपूर आहेत. शिवाय थंडी तुला सोसत नाही. मी काही मागत नाहीये, असं लिहिणार होते. पण मग एवढं रामायण कशाला? मागतेच आहे. तुला खरंच इथे यायचं असेल तर ये, आईच्या हातचं जेव, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण नुसता सरावच असेल, तर तुझं नाव काढून घे गं.

नाहीतर सोळाला सकाळी मी कोट घालून त्या खोलीत जाईन, दार लावेन आणि काळ्या स्क्रीनसमोर बसून मोठ्याने उत्तरं देईन. आई दाराबाहेर उभी असेल. तिला ऐकू जायला हवं ना.

कुणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करत बसलेली,
शायला