पंच्याहत्तर टक्क्यांची अट

१० मार्च
प्राचार्य अमरसिंह सरांनी बोलावलं. हजेरी पंच्याहत्तर टक्के किंवा त्याच्या वर असेल त्यालाच हॉलतिकीट. बाकीचे कॉम्प्युटरनंच अडवायचे. विचारलं, "शेल स्क्रिप्टचा प्रोग्राम लिहाया येतो का?" म्हणालो, "हातचा मळ हाय सर." वडवणीच्या ह्या कॉलेजात चार वर्षं ऑपरेटर म्हणून नुसते बोनाफाईड छापले. आता कळेल सगळ्यांना.
संध्याकाळपर्यंत if शिकायचं.

११ मार्च
शिकलो. अट खरी तर हे कर, else ते कर. शेवटी if उलटं लिहायचं, fi. संपलं.
लॅबच्या वनिता मॅडम म्हणाल्या, "मी बघू का एकदा?" नको म्हणालो. त्यांचा गोंधळ उडाला असता.

१३ मार्च
स्क्रिप्ट पळाली. एरर शून्य! विद्यार्थी ८१२, हॉलतिकिटं ८१२. पोरं हुशार झालीत.
फोल्डरमध्ये 75 नावाची रिकामी फाईल आली. व्हायरस. उडवली.

१५ मार्च
युवराजलाही हॉलतिकीट गेलं. वर्षात फक्त गॅदरिंगला आलता. सर ओरडले, "ह्याला कावून दिलं?" म्हणालो, सर्व्हर तापलाय.
वनिता मॅडम हळूच म्हणाल्या, "> हे चिन्ह लावलं का? त्यानं तुलना होत न्हाई, पुढच्या आकड्याच्या नावाची फाईल बनती. अट कायम खरीच. -gt लावा." मला माहीत होतंच. त्या गेल्यावर लावलं.

१८ मार्च
जुनी तिकिटं रद्द, नवी छापली. तीनशे जण अडले. याला म्हणतात शिस्त.
दिंद्रुडची ऋतुजा आली. हजेरी बरोबर पंच्याहत्तर. म्हणे, "नोटिसीत 'किंवा वर' हाय ना सर?" कॉम्प्युटर चुकत नाही, असं सांगितलं. रडली.

१९ मार्च, दुपारी २
उद्या पेपर. सरांनी कॉम्प्युटर रूमला बाहेरून कडी घातली. "बरोबर पंच्याहत्तरवाल्यांची हॉलतिकिटं निघाल्याबिगर उठायचं न्हाई." पाणी संपलं. खिडकीत पन्नास तोंडं. else काढून बघितलं, fi काढून बघितलं. आता काहीच चालेना.
ऋतुजाची आई, वच्छलाबाई, गजाला धरून उभ्या. "तापातनं उठून यस्टीनं येत गेली वो सर. त्या दिवसांचं काय?" दार बंद नसतं तर पळालो असतो.

४ वाजता
वनिता मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "आधी else आणि fi परत टाका. आणि -gt म्हंजे फक्त जास्त. -ge लावा, बरोबरीचे बी येतील." एक अक्षर. लावलं. ऋतुजाचं निघालं, आणखी सहा जणांचं निघालं. कडी उघडली. कुणी माझ्याकडं बघितलं नाही.

२० मार्च
पेपरच्या आधी ऋतुजाला गाठलं. म्हणालो, दिलं का न्हाई शेवटी काढून? ती म्हणाली, "वनिता मॅडमला थँक्यू सांगा सर, बेल झाली." पळाली.
सांगायला लॅबमध्ये गेलो. मॅडम पहिल्या वर्षाच्या पोरांना if शिकवत होत्या. मागच्या बाकावर बसलो. दुसरी वही नव्हती. ह्याच पानाच्या मागं उतरवून घेतलं.