मुद्देमालावरची धूळ न पुसण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
जप्त वाहनांचे आवार.
(साहेब बैठकीत असल्याने त्यांच्या बंद दाराबाहेरील बाकावरून)

विषय : आमच्या निळ्या गाडीवरची धूळ पुसणे आत्ताच्या आत्ता थांबवणेबाबत.

संदर्भ : ती धूळ रोज पुसावी, असा मीच केलेला मागील अर्ज व त्यावर आपण दिलेली मंजुरी.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, आमची चोरीस गेलेली गाडी सापडली, चोरही सापडला, परंतु न्यायालयाचा आदेश होईपर्यंत गाडी मुद्देमाल म्हणून आपल्या आवारात उभी आहे. त्याबद्दल तक्रार नाही. शेजारच्या बांधकामाची धूळ गाडीवर बसते, तरी ती स्वच्छ ठेवावी, अशी विनंती मी मागे केली होती. आपण त्याच दिवशी "रोज पुसावी" असा शेरा मारलात. मागितले ते लगेच मिळाले, हीच आजची अडचण आहे.

२. आपले पहारेकरी, ज्यांना इथे सगळे पहिलवान म्हणतात, ते आपला आदेश तंतोतंत पाळतात. कोरडे गोणपाट घेतात आणि गोल गोल, अंगातला सगळा जोर लावून गाडी पुसतात. धूळ सिमेंटची आणि वाळूची आहे. नुसती बसून राहिली तर ती रंगाचे काही वाकडे करत नाही. कोरडी रगडली की मात्र तिचा पॉलिश पेपर होतो. बॉनेटवर ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. आज गाडी बघायला आलेल्या माझ्या वडिलांना त्या दिसल्या. ते एकेक रेघ मोजत बॉनेटभोवती फिरले.

३. वडिलांविषयी लिहिणे आवश्यक आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी जन्मभर गॅरेजात गाड्यांना रंग दिला. ही गाडी त्यांनी स्वतःसाठी रंगवली, ती शेवटची. त्यानंतर त्यांचे हात थरथरू लागले आणि रंगाचा फवारा खुंटीला लागला तो लागलाच. म्हणजे या गाडीवरचा रंग पुन्हा देता येणारा नाही. दुसरा कोणी देईल, पण तो अण्णांचा नसेल. घरात गाडीला धाकटी म्हणतात. मी थोरली. दोघींपैकी उन्हात कोणाला जास्त वेळ उभे राहू द्यायचे नाही, याबद्दल आमच्याकडे कधी वाद झाला नाही.

४. पहिलवानांना मी प्रथम तोंडी विनंती केली. "ताई, पुसायचा कागद तुम्हीच आणलात. आता न पुसायचा आणा," असे ते म्हणाले. त्यात चूक काही नाही. आज वरिष्ठ साहेब तपासणीला येणार असल्याने सर्व वाहने चकाचक करण्याचे काम फाटकाच्या बाजूने सुरू झाले आहे. आपल्या शिपायांना मी पहिलाच मुद्दा लिहून दिला होता, तो त्यांनी परत केला. "अर्धा अर्ज आत नेला तर साहेब मला अर्धा करतील. सही, दिनांक, सगळं आणा." म्हणून लिहीत आहे.

५. या बाकासमोरच्या खिडकीतून आवार दिसते व ऐकू येते. पांढरी व्हॅन झाली. पहिलवान आता ट्रकला भिडले आहेत. ट्रक मोठा आहे, ही माझ्या दृष्टीने समाधानाची बाब आहे.

६. ट्रकच्या फक्त दर्शनी बाजूच पुसायच्या, असे दिसते.

७. अण्णा मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवत आहेत. पट्टाही काढला. रंगाला हात लावण्यापूर्वी ते अंगावरचे धातूचे सगळे काढतात, नाहीतर बक्कल घासते. ते बॉनेटवर आडवे पडतील अशी मला भीती वाटली. ते पडणार नाहीत, हे आत्ता लिहिताना लक्षात आले. धुळीवर अंग टाकले तर गोणपाटाचेच काम होईल. आपल्याच गाडीला मिठी मारून वाचवता येऊ नये, अशी परिस्थिती या आवारात निर्माण झाली आहे, याची नोंद घ्यावी.

८. ते गाडीसमोर हात पसरून उभे आहेत.

पहिलवान : "काका, सरका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

अण्णांनी पसरलेला उजवा हात पहिलवानांच्या तोंडासमोर धरला आहे. हात थरथरतो आहे.

"घाबरलात का काका? मी मारत नाही कोणाला."

"घाबरलो नाही. हा असाच असतो. ह्याच हाताने रंगवली होती, तेव्हा असा नव्हता."

मुद्दा क्रमांक ३ मध्ये मी जे लिहिले, ते एवढेच होते. कृपया तो मुद्दा वगळला तरी चालेल.

९. पहिलवानांनी गोणपाट खांद्यावर टाकले आहे. "मग पुसू कसं ते सांगा. न पुसता साहेबांना काय दाखवू?" अण्णा म्हणाले, "आधी पाणी. वरून खाली, टपापासून. वाळू आपली आपण वाहून गेली पाहिजे. मग ओलं मऊ फडकं, सरळ रेघेत. गोल नाही." नळाला कुलूप आहे व त्याची किल्ली आपल्या खणात असते, असे शिपाई सांगतात. मी दार ठोठावले. आतून "थांबा" असे उत्तर आले. आवाज आपलाच असावा.

१०. यापुढचे विशेष लक्षपूर्वक वाचावे. पहिलवानांनी भिंतीवरच्या आगीसाठीच्या लाल बादल्यांपैकी पाण्याच्या दोन काढल्या आहेत. शेजारच्या बादल्यांत वाळू असते. अण्णांनी बादलीच्या तळाशी हात घालून एकही कण नाही याची खात्री केली. फडके नव्हते, म्हणून त्यांनी सदरा काढून आतला बनियन उतरवला आणि सदरा पुन्हा घातला. बनियनला बटणे नसतात.

११. पाणी टपावरून ओतले गेले. करडा ओघळ काचेवरून खाली आला आणि त्यामागे निळा रंग दिसला. एवढ्या दिवसांत मी तो पाहिला नव्हता. पहिलवान बनियनने सरळ रेघा ओढत आहेत. एवढा मोठा माणूस श्वास रोखून काम करतो आहे. अण्णा बाजूने सांगत आहेत, "दाबू नको रे. पाण्याचं काम पाण्याला करू दे." बनियन एकदा खाली पडला तेव्हा दोघांपैकी कोणीही तो तसाच वापरला नाही. दुसऱ्या बादलीत आधी खळबळून धुतला, मगच गाडीला लावला.

१२. फाटकावर हॉर्न वाजला आहे.

१३. वरिष्ठ साहेबांची गाडी आत येत आहे, लाल बादल्या रिकाम्या आहेत आणि पहिलवानांचा हात अजून मागच्या दारावर आहे. त्यांनी हॉर्न ऐकला. अण्णांनी त्यांना "जा, सांभाळ तुझी नोकरी" असे सांगितले. ते म्हणाले, "अर्धवट ठेवली तर डाग पडतील ना?" आणि पुसत राहिले.

सबब, वरील विषय आता लागू नाही, तो खोडावा. माझी विनंती पुढीलप्रमाणे समजावी : नळाची किल्ली घेऊन आपण स्वतः तत्काळ बाहेर यावे. सदर बादल्यांतील पाणी माझ्या अर्जामुळे खर्च झाले असून त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. पहारेकऱ्यांनी आदेशाप्रमाणे गाडी पुसली, तीही आज पहिल्यांदाच नीट. त्यांच्यावर कारवाई करू नये. त्यांचा हात स्थिर आहे. अण्णा आत्ताच म्हणाले, "हात चांगला आहे. फार उशिरा भेटला."

आपल्याच दाराबाहेर उभी असलेली,
नम्र अर्जदार
(सही)
निळ्या गाडीच्या मालकांची थोरली

दिनांक : तपासणीचा

सोबत :
१) मागील अर्जाची प्रत. रद्द समजावी.
२) लाल बादल्या दोन, रिकाम्या. दारासमोरच ठेवल्या आहेत. दार उघडताच पायाला लागतील, म्हणजे विसरायला होणार नाही.