शनिवारचा शेवटचा तास

अण्णा, तुम्ही सरकारी वर्कशॉपात हेड मेकॅनिक होता, तेव्हाचा एक दिवस मला हल्ली सारखा आठवतो. शनिवारचा शेवटचा तास तुम्ही प्रत्येकाला आपलं काम दुसऱ्याला शिकवायला लावायचात. ब्रेकचं काम करणारा माणूस गिअरबॉक्स उघडायचा, झाडणाऱ्या मावशी बॅटरी तपासायला शिकल्या. मग नवे साहेब आले. "याचं परिपत्रक कुठंय?" त्यांनी विचारलं, आणि तो तास बंद झाला. त्या संध्याकाळी तुम्ही गंगापूर रोडच्या घरी येऊन स्वयंपाकघरात आईजवळ बसता, म्हणता, "माणसं शिकत होती गं." मी बारावीत. वहीतून मान वर न काढता मी म्हणते, "तुमचं काम गाड्या दुरुस्त करायचं आहे, शाळा चालवायचं नाही." तुम्ही चहा अर्धा टाकून उठता.

आता मी अंबडच्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. पावसाळ्यापूर्वी वरून यादी आली. नवीन मशीन येणार होती, म्हणून बारा हेल्पर कमी करायचे होते. त्यात पेठ तालुक्याकडची एक बाई होती, कित्येक वर्षं पॅकिंगला. त्याच आठवड्यात तपासणीच्या मशीनवरचा ऑपरेटर आजारी पडला, लाइन थांबली. ती माझ्याजवळ आली. "मॅडम, मी लावून पाहू का?" मी मागे उभी राहिले. तिने मशीन नीट चालू केली.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाय. रोज बघते ना. मला येतं का, ते कोणी इचारलंच नाय."

मी यादीवर सही केली नाही. माझ्या वरच्या साहेबांना म्हणाले, "तीन महिने द्या. दर शनिवारी एक तास यांना शिकवते, मग ठरवू." ते कुरकुरले, "तासाभराचं उत्पादन जाईल," पण हो म्हणाले. बारापैकी नऊ जण आज नव्या मशीनवर आहेत. ती बाई आता इतरांना शिकवते. हेड ऑफिसात माझं कौतुक झालं. ही कल्पना कुठून सुचली, असं विचारल्यावर मी म्हणाले, एमबीएला शिकले होते. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, अण्णा.

राहिले तिघं. त्यांना जमलं नाही, आणि मला पुढे मुदत मागता आली नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काम सुटल्याचं त्यांच्यासमोर बसून सांगितलं असतं. मी सुपरवायझरला पाठवलं आणि ते गेटबाहेर पडेपर्यंत केबिनचं दार लावून बसले. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच उरला नाही. पण तुम्ही समोर असता, तर ही शेवटची गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नसती.