मृत्युंजयला टी-शर्ट, धम्मदीपला घर

मी, शिवशंकर बसवराज हिरेमठ, वय चोपन्न, अविवाहित, धंदा तालुक्याची बातमीदारी, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या बातम्या वाचणाऱ्यांना शंका येऊ शकते.

१. माझे संस्कृत ग्रंथ मठाच्या पाठशाळेला द्यावेत. वाळवीने अध्ययन सुरू केलेच आहे. विद्यार्थ्यांनी घाई करावी.

२. आमचे नगराध्यक्ष मृत्युंजय हे त्याच पाठशाळेतले माझे सोबती. माझी बहीण रत्नम्मा हिचा मुलगा शिवम नशेच्या गोळ्यांसह पकडला गेला. कायद्यात व्यसनी आरोपीला तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवण्याची वाट आहे. पण वाटेच्या टोकाला केंद्र असावे लागते. आमच्या गावात ते होते. समुपदेशक धम्मदीप सोनकांबळे यांची संस्था नगरपरिषदेच्या अनुदानावर, भाड्याच्या जागेत ते चालवीत असे. "अक्का, मी खुर्चीवर हाय तवर अनुदान बंद होत न्हाई," असे मृत्युंजयने रत्नम्माला तिच्याच ओट्यावर, तिचाच चहा पिताना सांगितले. त्या भरवशावर शिवमने गुन्हा कबूल केला. पुढच्याच सभेत अनुदान 'व्यसनमुक्ती दौडी'कडे वळले आणि केंद्राची जागा गेली. स्वतःचेच बोलणे स्वतः खोडणे, याला न्यायशास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. नगरपरिषदेत ठराव म्हणतात.

मी फोन केला.

"शिवा, पळून पळून पोरं आपोआप सुधरतेत की रे! तू बातमी तेवढी झकास लाव."

"शिवमनं कुठं पळावं? कोठडीत?"

"बघू की त्याचं."

तो अजून बघूनच राहिला आहे.

दौडीचा जो टी-शर्ट त्याने मला पाठवला, तो त्याला परत द्यावा. घडी मोडलेली नाही. छातीवर त्याचाच फोटो आहे. दुसऱ्या कोणाच्या अंगावर तो शोभणार नाही.

३. माझ्या मातीला त्याने जरूर यावे, खांदाही द्यावा. माईक मात्र त्याच्या हाती देऊ नये. तो रडतो छान, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते. मलाही चाळीस वर्षे वाटत होते.

४. माझे राहते घर केंद्रासाठी धम्मदीप यांच्या संस्थेस द्यावे.

हे कलम काल लिहून रत्नम्माला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अण्णा, म्हंजे तू मरस्तोवर माझं लेकरू आतच ऱ्हायचं का?"

पाठशाळेत असा पूर्वपक्ष कोणी मांडला नव्हता. शिवमची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. माझी कोणालाच ठाऊक नाही. सबब कलम चार रद्द. घराचे बक्षीसपत्र आज सकाळी नोंदवून दिले. संस्थेची मान्यता कायम आहे, छप्पर तेवढे नव्हते. धम्मदीप कागद घेऊन शिवमच्या वकिलांकडे गेले आहेत आणि माझी खाट रत्नम्माच्या पडवीत गेली आहे.

यापूर्वीचे कोणतेही लेखन मृत्युपत्र म्हणून ग्राह्य धरू नये. आता वाटण्यासारखे फारसे उरलेले नाही. भांडणाची तसदी कोणी घेऊ नये.

ठिकाण: रत्नम्माची पडवी, जि. लातूर
दिनांक: १२ जून २०१९

(सही) शिवशंकर बसवराज हिरेमठ

आमच्यादेखत सही झाली, आम्हीही त्यांच्यादेखत केली:
१. मल्लेश गुरुपाद बिराजदार (सही)
२. दिपाली व्यंकट सूर्यवंशी (सही)