कडूबाईची ओटी

मुंबई, १९४४

प्रिय लिडिया,

माझं वाकडंतिकडं अक्षर बघून हसशील. शांतवन मास्तरांनी शाळेच्या ओट्यावर तुझ्या पाटीवर गिरवून घेतलं, तेवढंच उरलंय. आता शाळा तू सांभाळतेस म्हणे. आमची धाकटी बनू ओच्यात बोरं भरून वर्गात येत असेल, तिला रागावू नकोस गं. खाऊ दे.

आजवर तुला आलेली खुशालीची पत्रं माझी नव्हती, कडूबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेली. हीच ती कपाळभर कुंकवाची बाई. लढाईतल्या जखमी सोल्जरांच्या दवाखान्यात आया हव्यात म्हणून मला घेऊन आली. आई त्या कुंकवालाच भाळली. घरात तांदूळ नव्हते, तर गव्हानं तिची ओटी भरली, वर नवा खण घातला आणि म्हणाली, "माजी पोर तुमच्या पदरात घातली, बाई." सुप्याच्या थांब्यावरून सर्व्हिस मोटार हलली तरी तिचे हात जोडलेलेच होते.

लिडिया, इथे दवाखाना नाही. माडी आहे, खिडक्यांना गज आहेत. सोल्जर येतात, पण ते जखमी नसतात. पुढचं लिहवत नाही, तू समजून घे. आधी मी आईवर फार चिडले. आता नुसती तिची आठवण येते आणि रडू आवरत नाही. किती भोळी गं ती!

परवा कडूबाई गावाकडून आली. आईनं माझ्यासाठी दिलेल्या बाजरीच्या खारोड्या तिनं पुढ्यात टाकल्या. तिच्या हातात जांभळा खण होता, आईनं माझ्या लग्नासाठी जपून ठेवलेला. आईनं पुन्हा तिची ओटी भरली होती. कडूबाई हसत म्हणाली, "पाडवा झाला की बनूला आनते. तुला सोबत हुईल."

म्हणून हे पत्र. फुलवाली म्हातारी टोपलीत लपवून नेते म्हणालीय. आईला खरं सांगू नकोस. गावात फुटलं तर बनूला कुणी पत्करणार नाही आणि आई विहीर जवळ करील. तिला सांग, मुंबईत पटकीची साथ आली आणि त्यात चांगुणा गेली. कडूबाई येऊन चांगुणा धडधाकट आहे म्हणेल. तेव्हा तुझ्या बायबलवर हात ठेवून सांग, मी मेले. तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणूनच आई तुझं ऐकेल आणि बनूला धाडणार नाही. मग ती ऊर बडवून घेईल. तेव्हा तिला घट्ट धर, माझ्या वाटचंही धर. आणि मला उत्तर पाठवू नकोस.

तुझीच,
चांगुणा